चेमुल, चेऊल, चौल: किनाऱ्यावरच्या गावांची नावं आली कुठून?

खाडीकाठ

गेल्या महिन्यात चौलहून परतताना एसटीत शेजारी एक आजोबा बसले होते. कुठं गेला होतात, म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, चौलला, रामेश्वराच्या देवळात. "म्हणजे चेऊलास," ते म्हणाले. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून बोलता बोलता मी परत "चौल" म्हटलं. त्यांनी परत "चेऊल" म्हटलं. रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत आमचं हेच चाललं होतं, आणि दोघांपैकी कुणीच मागे हटलं नाही.

घरी येऊन शोधायला बसलो. पुराणाच्या अंगाने दोन नावं मिळाली, चंपावती आणि रेवतीक्षेत्र. चाफ्याची झाडं होती म्हणून चंपावती, असं सांगतात. पण "चंपावती"चं "चौल" होईल कसं? मधला प मुकाट्याने जातो का? त्यापेक्षा त्या आजोबांचं "चेऊल" मला जास्त जुनं वाटतंय.

हा धागा काढायला आणखी एक कारण घडलं. हल्ली किनाऱ्यावर ठिकठिकाणी माहितीचे फलक लागतात आणि त्यावर गावाच्या नावाची गोष्ट एका वाक्यात, निकाल दिल्यासारखी लिहिलेली असते. मालवणचंच बघा. "महा-लवण", म्हणजे मिठागरांचा मोठा प्रदेश, असं एक म्हणणं. "माडांचं बन" हे दुसरं. फलकावर यातलं एकच येतं आणि पुढची पिढी तेच पाठ करते. दुसरं म्हणणं असं मरू देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या गावाच्या, वाडीच्या, खाडीच्या नावाबद्दल जे ऐकलंय ते इथं लिहा. एकाच नावाच्या दोन गोष्टी असतील तर दोन्ही लिहा.

शब्दवेडी

आजोबांचं बरोबर आहे, आणि त्यामागे मराठीचा एक पक्का नियम आहे. संस्कृत-प्राकृतात दोन स्वरांच्या मधे आलेला "म" मराठीत येताना बहुतेक वेळा "व" होतो. ग्रामचं गाव, नामचं नाव, भ्रमरचा भोवरा. आता चौलचं जुनं नाव घ्या. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत ते "चेमुल" असं येतं. नियम लावा: चेमुल, चेवुल, चेऊल, आणि मग बोलण्याच्या ओघात चौल. मधली एकही पायरी ओढूनताणून आणावी लागत नाही. चंपावती हे नंतर मानाने दिलेलं नाव असावं. अशी भरजरी संस्कृत नावं आपल्याकडे पुष्कळ गावांना मागाहून मिळाली.

कानांवर विश्वास ठेवलात हे फार छान केलंत, खाडीकाठ.

जुनेकागद

चेमुलचे परदेशी साक्षीदारही आहेत. पहिल्या शतकातल्या "पेरिप्लस" या ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत "सेमिल्ला" येतं, ग्रीक भूगोलकार टॉलेमीकडे "सिमिल्ला" आणि दहाव्या शतकातल्या अरब लेखकांकडे "सैमूर". प्रत्येकाने आपापल्या कानाने ऐकलं, पण स, म, ल किंवा र ही चौकट हललेली नाही.

पेरिप्लसमध्ये सेमिल्लाच्या पुढे दक्षिणेला जाताना बंदरांची जी यादी येते ती मात्र डोकं पिकवणारी आहे. मंदगोरा, पालैपतमै, मेलिझैगारा, बायझँटिऑन. मंदगोरा म्हणजे मांदाड की बाणकोटची खाडी? मेलिझैगारा म्हणजे जयगड की जंजिऱ्याचा परिसर? बायझँटिऑनला कुणी विजयदुर्ग म्हणतात, कुणी प्राचीन वैजयंतीचं नाव सुचवतात. दीडशे वर्षं अभ्यासक यावर लिहीत आलेत. माझं मत असं की नुसत्या उच्चाराच्या साम्यावर यातलं काहीच ठरू नये. त्या जागी त्या काळातली खापरं, नाणी, धक्क्याच्या खुणा सापडायला हव्यात. चौलच्या बाजूने ते सगळं आहे, उत्खननात तिथं सातवाहनकालीन अवशेष मिळालेत.

वाटसरू

मी चेंबूरजवळ वाढलो. लहानपणापासून ऐकत आलोय की सिमिल्ला म्हणजे चेंबूर. तुम्ही सगळ्यांनी चौलच्या नावावर ते एकदम करून टाकलंत! चेमुल आणि चेंबूर यांत साम्य नाही का? आणि आमच्याकडचे कोळी तर सांगतात की इथं खाडीत चिंबोऱ्या फार, म्हणून चेंबूर.

जुनेकागद

वाटसरू, साम्य आहेच, म्हणून तर जुन्या अभ्यासकांपैकी काहींनी चेंबूर सुचवलं होतं. पण शिलाहारांचा खारेपाटणचा ताम्रपट बघा, शके १०१६ चा, म्हणजे इसवी सन १०९४ च्या आसपासचा. त्यात राजाने आपल्या प्रधानाच्या गलबतांना काही बंदरांत जकात माफ केली आहे. बंदरं आहेत श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली. श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा. ठाण्याच्या इतक्या जवळच्या चेंबूरला तेव्हा वेगळं मोठं जकातीचं बंदर असेल, हे पटायला अवघड जातं. चौलचं बंदर मात्र पुढे पोर्तुगिजांच्या काळापर्यंत नांदतं होतं.

गंमत म्हणजे याच यादीतलं "नागपूर" अजून नीट हाती लागत नाही. नागाव असावं असं म्हणतात. पण नागाव अलिबागजवळ आहे आणि उरणजवळही आहे. जकात माफ झाली ती कुठल्या नागावात?

चिंबोरीची गोष्ट मला आवडली. नावाचा उगम म्हणून नाही धरणार, पण त्या खाडीत काय मिळायचं याची नोंद म्हणून जपून ठेवीन. आज त्या पाण्यात चिंबोरी शोधावी लागेल.

तांडेलाचा नातू

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा.

तुम्ही सगळे लेख आणि ताम्रपट वाचणारे. मी पाण्यावरून बघतो. समुद्रातून किनाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की निम्मी नावं आपसूक कळतात. "दांडा" घ्या. डोंगराच्या सोंडेला दांड म्हणतात, तसाच पाण्यात किंवा पाण्याच्या कडेने गेलेला जमिनीचा लांब पट्टा तो दांडा. रेवदंडा, केळवे-दांडा, खार-दांडा, दंडा-राजपुरी, मालवणची दांडी. या सगळ्यांच्या गोष्टी वेगवेगळ्या सांगतील, पण होडीतून बघाल तर आकार एकच दिसेल. रेवदंड्यातली "रेव" म्हणजे रेवतीच, असं देवळात सांगतात. आमच्याकडे रेव म्हणजे जाड वाळू. मला वाळूचंच खरं वाटतं.

"आगर"ही तसंच. नारळी-पोफळीची बाग ती आगर, मीठ पिकवायचं तेही आगर. गुहागर, दिवेआगर. अलिबागच्या बाजूच्या आठ गावांना मिळून अष्टागर. शब्द एकच, पण कुठं माडाचं आगर आणि कुठं मिठाचं, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. त्यासाठी जमीन बघावी लागते. खारट खाजण असेल तर मीठ, गोड्या पाण्याची विहीर असेल तर माड.

आता माझा प्रश्न. आमच्या गावासमोर समुद्रात एक खडप आहे. आजोबा मासेमारीला जाताना देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरातली खिंड एका रेषेत आली की होडी वळवायचे, कारण त्या रेषेवर पुढे ते खडप. त्याचं नाव "जोडखडप". पण खडक तर एकच आहे! लहानपणापासून बघतोय, कायम एकच डोकं पाण्याबाहेर. मग जोड कशाची? आजोबांना विचारायचं राहून गेलं. माझा भाऊ आता जीपीएसवर आकडे बघून होडी चालवतो, त्याला नावाची गरजच लागत नाही. हे नाव कुठल्याच नकाशावर नाही. आमच्यानंतर ते उच्चारणारं कुणी नसेल, याची फार रुखरुख लागते.

शब्दवेडी

दादा, पहिलाच प्रतिसाद आणि इतका मोलाचा! चूकभूल कसली. "भाट" शब्दाबद्दलही असंच वाटतं. कोकणीत भाट म्हणजे माडांची बाग. रत्नागिरीजवळचं भाट्ये, मुंबईतलं जुनं कोळभाट, यांच्यात तोच शब्द असावा. भाट्ये आणि भाटगिरी करणारे भाट यांचा संबंध जोडणारे लेख वाचलेत, मला ते पटले नाहीत.

"जोड" बद्दल: जोडी या अर्थाने असेल, किंवा किनाऱ्याला जोडलेलं या अर्थाने असेल. कधीकाळी ओहोटीला चालत जाता येत होतं का तिथपर्यंत?

तांडेलाचा नातू

नाही ताई, मधे खोल आहे. चालत जाणं शक्य नाही.

माहेरवाशीण

शब्दवेडीताईंनी म → व सांगितलं, मला एक आडनावांची वाट दिसली. बेने इस्रायल या ज्यू समाजाची आडनावं बघा. कोकणात शेकडो वर्षं राहिलेला हा समाज, तेलाच्या घाण्यावर शनिवारी काम बंद म्हणून "शनवार तेली" म्हणायचे त्यांना. त्यांची बहुतेक आडनावं गावावरून: रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर आणि चौलचे ते चेऊलकर! चौलकर नाही. एसटीतल्या आजोबांचा उच्चार एका समाजाने आडनावात जपून ठेवला. किहीमचंही बघा, आडनाव केहीमकर. म्हणजे आधी "केहीम" म्हणत असतील का?

गाव सोडून गेलेल्या माणसाबरोबर त्या दिवशीचा उच्चार जातो आणि तिथं तो बदलत नाही. हे मी स्वतः अनुभवलंय. माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूचं. आता मुंबईत मुलं "वेंगुर्लाला जाऊ" म्हणतात. मला ते कानाला बोचतं. वेंगुर्ल्याला! वांद्र्याला! वेसाव्याला! इंग्रजी पाटीवर वेंगुर्ला, बांद्रा, वर्सोवा झालं आणि सामान्यरूपच मोडलं. मूळ नाव वेंगुर्ले, वांद्रे, वेसावे हे एकारान्त होतं, याच्याशी जुळणारा माग त्या "ल्या", "द्र्या", "व्या" मध्येच आहे. तो बोलण्यातून गेला की पुढच्या माणसाने शोधायचं कशात?

खाडीकाठ

चेऊलकर! माहेरवाशीण, हे मला सुचलंच नव्हतं. खूप आभार.

वेसाव्याचं निघालंच आहे तर पोर्तुगीज आणि इंग्रजांनी कानाला लागेल तशी लिहिलेली नावं एकदा कुणी समजावून सांगेल का? मुंबईच्या नावाचा तो "बॉम बाहिया" अजूनही लोक ठामपणे सांगतात.

मोडीवाचक

ते ठामपण सोडायला हवं. "बॉम बाहिया" म्हणजे पोर्तुगिजात "चांगला उपसागर", असं सांगतात. पण पोर्तुगिजात उपसागराचा शब्द, बाईया, स्त्रीलिंगी आहे. त्याला "बॉम" लागतच नाही, "बोआ" लागतं. स्वतःच्या भाषेतलं लिंग ते खलाशी चुकतील का? शिवाय १५१६ च्या सुमारास पोर्तुगीज लेखक बार्बोझाने या भागाचं नाव "ताना-मायांबू" असं लिहिलंय, म्हणजे या नावाच्या दुसऱ्या अर्ध्यात मुंबादेवीच्या नावाशी जुळणारं काहीतरी त्याच्या कानावर पडलेलंच होतं. पोर्तुगिजांनी नंतर "बोंबाईं" लिहिलं, त्याचं इंग्रजांनी बॉम्बे केलं. कोळी आणि मराठी माणूस मुंबईच म्हणत राहिला.

शेवटच्या नाकातल्या उच्चाराकडे लक्ष द्या. वसईचंही त्यांनी "बासाईं" केलं, पुढे इंग्रजांचं बॅसीन. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिला बाजीपूर नाव दिलं, तेही टिकलं नाही. सरकारी नाव तीनदा बदललं आणि गावकरी शेवटपर्यंत वसईतच राहिले. आता मूळ "वसई" कुठून? जैन मंदिराला किंवा वसतिस्थानाला "वसही" म्हणत, त्यावरून असेल. नुसतं "वास"वरूनही असेल. मी दोन्ही उघडी ठेवतो.

साष्टीबद्दल मात्र शंका नाही. षट्षष्टी, सहासष्ट गावांचा समूह, त्यावरून सासष्टी, साष्टी, आणि पोर्तुगीज-इंग्रजांचं सालसेट. गोव्यातही सासष्टी आहे, तिथंही सहासष्ट गावंच.

परक्यांनी दिलेलं नाव टिकणं न टिकणं कशावर ठरतं, हे मला अजून उलगडलेलं नाही. अर्नाळ्याला पोर्तुगीज "गाईंचं बेट" म्हणत. ते कुणाला आठवतही नाही. घारापुरीला दगडी हत्तीवरून एलिफंटा म्हणाले, ते जगभर गेलं. हत्ती बेटावरून हलवून मुंबईत आणला तरी नाव तिथंच राहिलं.

अवांतर: जंजिरा हा अरबी "जझीरा", बेट. पण आपल्याकडे तो इतका मुरला की सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग सगळ्यांनाच कागदांत "जंजिरे" लागलं. परका शब्द, पण आता पूर्ण आपला.

गिर्येकर नाही पण जवळचा

विजयदुर्गावरून आठवलं. त्याचं जुनं नाव घेरिया. शाळेत आम्हाला शिकवलं की किल्ल्याला पाण्याचा घेरा, म्हणून घेरिया. पण बाजूचं गाव गिर्ये आहे! चालत जाता येईल इतकं जवळ. गिर्येवरून घेरिया हे मला तरी जास्त सरळ वाटतं. तटाला तीन बाजूंनी पाणी आहे हे खरं, पण ते कोकणातल्या किती किल्ल्यांना आहे!

जुनेकागद

सहमत. बाजूच्या गावाचं नाव सोडून अर्थ शोधायला दूर जाऊ नये.

मला आज एक वेगळा लेख आठवतोय आणि तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने नद्यांवर फुकट होड्यांची सोय केल्याचं लिहिलंय: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. वाचताना अंगावर काटा येतो. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. डहाणूला "धेनुग्राम" म्हणतात, गाईंचं गाव, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण इतक्या जुन्या लेखात धेनू नाहीच, दाहनुका आहे. मग दाहनुका म्हणजे काय? ते मात्र कुणी पटेल असं सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. त्या नदीकाठी त्याआधीही लोक राहत होते, त्यांच्या भाषेतलं ते नाव असेल.

त्याच लेखात त्याने नानंगोल गावातली नारळाची ३२,००० झाडं दान दिली आहेत. बहुतेक अभ्यासक नानंगोल म्हणजे उंबरगावजवळचं नारगोळ मानतात. आता मोह बघा: नारगोळ, नारळ, किती छान जुळतं! पण जुन्या रूपात "र" नाही, "न" आहे. नारळाची झाडं खरी, लेखात मोजून दिलेली, आणि तरीही गावाचं नाव नारळावरून आलेलं नाही. मला या सगळ्या विषयात याहून चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

वाटसरू

हे वाचून मी चेंबूरचा हट्ट सोडला.

माहेरवाशीण

पण एक सांगू? तुम्ही सगळे गोष्टींना जरा लगेच बाजूला काढता. अलिबागचंच घ्या. अली नावाचा श्रीमंत गृहस्थ, त्याने विहिरी खणल्या, बागा लावल्या, म्हणून अलीची बाग. कुणी सांगतात तो मुसलमान, कुणी म्हणतात बेने इस्रायली, मूळ नाव एली. कागद मिळेल तेव्हा मिळेल. पण दोन समाज एका बागेवर आपला म्हणून हक्क सांगतात आणि दोघांच्या गोष्टीत तो माणूस गावाला पाणी देणाराच असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. माझगावचंही तसंच, कुणाला मासळीचं गाव, कुणाला "माझं गाव". दुसरं भाषेच्या नियमात बसत नसेल. पण कुणीतरी ते प्रेमाने म्हटलं असेलच ना?

शब्दवेडी

ताई, पटलं. गोष्ट काढून टाकायची नाही. ती कुणी, कुठं सांगितली एवढं तिच्यापुढे लिहायचं. गोष्टीला व्युत्पत्ती म्हणून फलकावर चढवलं की माझी तक्रार सुरू होते.

तांडेलाचा नातू

दोन आठवड्यांनी येतोय. परवा अमावस्या होती. उधाणाच्या दिवशी भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खाली उतरते, आणि आमच्याकडे ती पहाटे सहाच्या सुमारास असते. भावाला घेऊन अंधारातच होडी काढली. खडपाच्या पश्चिमेला, दहा-बारा हातांवर, पाणी ओसरत ओसरत दुसरं डोकं वर आलं. काळं, शेवाळाने भरलेलं, पाटाएवढं. अर्धा तास दिसलं असेल, मग पाणी भरायला लागलं. मी आयुष्यभर त्या बाजूने गेलो आणि कधी पाहिलं नव्हतं, कारण उधाणाच्या ओहोटीला त्या बाजूला आम्ही जातच नाही, होडी खडकाला लागते. भाऊ म्हणाला, त्याच्या जीपीएसवर तिथं काहीच नाही.

घरी येऊन शेजारच्या म्हाताऱ्या आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "खडकाचं नाय रे ते. दोन भाव होते, जोडीने जायचे, तिथंच बुडाले. त्यांची जोड."

दोन्ही वहीत लिहून ठेवलंय. खडकाच्या खाली वेळ आणि तिथी लिहिली, आणि गोष्टीच्या खाली आत्याचं नाव.